पायाखालची गार जमीन

जरा डोळे मिटून बसा. लाल मातीचा मुलूख डोळ्यांपुढे आणा, जिथे झाडं माणसापेक्षा फार उंच होत नाहीत आणि आभाळ मात्र चारी बाजूंनी खाली जमिनीपर्यंत आलेलं असतं. दूर सपाट माथ्यांचे डोंगर. त्यांच्याही पलीकडे एक निळा डोंगर, इतका दूर की कधी तो डोंगर वाटतो, कधी ढग. अलीकडे एका उताराच्या कुशीत गोल लाकडी घर, मातीनं लिंपलेलं, दार उगवतीला. आत जमिनीवर मेंढीची कातडी अंथरलेली, लोकरीची बाजू वर. चुलीजवळच्या कातड्यावर दहा वर्षांची अर्लिंडा झोपली आहे. हळू या. तिची झोप खोल आहे, तुमच्या पावलांनी ती जागी व्हायची नाही. पण आपल्याला तिच्या स्वप्नात जायचं आहे.

स्वप्नात पवनचक्की फिरत होती. खरी पवनचक्की त्या उन्हाळ्यात दिवसचे दिवस नुसती कुरकुरायची आणि नळातून सुतळीएवढं पाणी सोडायची. स्वप्नातली मात्र भरधाव फिरत होती. डोण काठोकाठ भरून वाहत होती, आणि पाण्यावर मेंढरांची तोंडं एका रांगेत टेकली होती. अर्लिंडाला लागली होती. ती लघवीला ज्युनिपरच्या झुडपामागे गेली, इकडेतिकडे पाहिलं, बसली. पाठीवर ऊन होतं. मग ते ऊन पाठीवरून खाली उतरलं, मांड्यांखाली पसरलं, आणि निवत गेलं.

तिनं डोळे उघडले. धुराड्याच्या भोकातून करडं आभाळ दिसत होतं. स्वप्न संपलं होतं आणि कातडं ओलं होतं.

"उठ गं, पळून ये," आई म्हणाली. बर्निस, तिची आई, चुलीपाशी पाठमोरी बसून लाकडं सारत होती. उजाडायच्या आत मुलांनी उगवतीकडे पळत जायचं, ही त्या घराची पिढ्यांची रीत. आई वळली नाही. वास तिलाही आला होता. "आणि येताना त्याला वाळू लाव."

अर्लिंडानं कातडं गुंडाळून काखेत मारलं आणि बाहेर पडली. कुत्रा मागे आला, कातड्याला नाक लावून हुंगू लागला. तिनं त्याला गुडघ्यानं ढकललं. लाकडांच्या ढिगामागे, घरातून दिसणार नाही अशा जागी, तिनं ओल्या जागेवर कोरडी वाळू टाकली, तळव्यानं घासली, झटकली, पुन्हा टाकली. मग ती पळाली. पळताना ओला झगा पायाला चिकटत होता. आभाळाच्या कडेला पिवळी रेघ उमटत होती, आणि ती त्या रेघेकडे रोज पळायची तशी पळत राहिली.

परत आली तेव्हा तिचे आजोबा, आईचे वडील, निळ्या मक्याची लापशी खात होते. ती त्यांना चेई म्हणायची. चेईंनी सरकून जागा करून दिली. त्यांना वास आल्याचं त्यांच्या तोंडावर कधीच दिसायचं नाही.

"एल्सीचा निरोप आलाय," ते बर्निसला म्हणाले. एल्सी त्यांची धाकटी बहीण. निळ्या डोंगरावर तिची उन्हाळ्याची वस्ती होती. "वर गवत आहे म्हणते. झराही वाहतोय. इथं आता मेंढरं दगड चाटतायत. चंद्र मोठा झाला की निघावं."

अर्लिंडाचा चमचा थांबला. मेंढरांबरोबर डोंगरावर जायचं, चेईंच्या मागून घोड्यावर बसून, वर पाइनच्या झाडांखाली राहायचं; हे ती चालायला लागल्यापासून ऐकत होती. पोरं मोठी झाली की नेतात, असं म्हणायचे. ती मोठी झाली होती. प्रत्येक मेंढी तिला चेहऱ्यानं ओळखू येत होती.

"मी येणार ना?" तिनं विचारलं.

चेई काही बोलायच्या आधी आईच बोलली. "तिथं एल्सीआत्याची नातवंडं आहेत. सगळे एका तंबूत, एकमेकांना लागून झोपतात. धुवायला मी नसणार. झऱ्याचं पाणी प्यायचं, की तुझी पांघरुणं धुवायची?"

"मी वाळूनं घासते."

"पांघरूण वाळूनं निघतं?" बर्निसनं पातेलं खाली ठेवलं. ती चिडलेली नव्हती, थकलेली होती. नवरा रेल्वेच्या रुळांच्या कामावर, दोन राज्यांपलीकडे. पाण्याची पिंपं पिकअपमध्ये घालून लांबच्या नळावरून तीच भरून आणायची. दुपारभर मांडवाखाली मागावर बसायची. त्या उन्हाळ्यात तिला प्रत्येक बादली ओळखू येत होती. "कातडं कोरडं राहू दे. मग बघू. दहा वर्षांची घोडी झालीस अर्लिंडा, तान्ही आहेस का?"

चेई लापशीकडे बघत म्हणाले, "घोडीसुद्धा मुततेच की."

"बाबा, तुम्ही हसवू नका तिला."

पण अर्लिंडा हसली नव्हती.

*

त्या दिवशीही ती मेंढरं घेऊन निघाली. एका हातात खडे घातलेला रिकामा डबा. मेंढरं भरकटली की तो खुळखुळवायचा. खांद्याला पाण्यानं भरलेली कापडी छागळ. पुढे घंटेवाली म्हातारी शेळी, मागे कळप, सगळ्यांत मागे दोन कुत्रे आणि धूळ.

मेंढरं राखायची म्हणजे काय, हे तिला चेईंनी शिकवलं होतं. मेंढरांकडे पाठ करू नये. दरीच्या तोंडाशी त्यांच्या पुढे असावं. आणि आधी मेंढरं पितात, मग आपण. चेई हे फार जोर देऊन सांगायचे. मेंढी तहानलेली असताना जो पाणी पितो, त्याचा कळप त्याच्यामागे येत नाही.

पाऊसपाण्याच्या वर्षी याचा काही त्रास नव्हता. वाटेत डबकी असायची, मेंढरं दिवसातून कितीदा तरी प्यायची, माणूसही प्यायचा. या वर्षी डबक्यांच्या जागी पोपडे आलेल्या मातीच्या चकत्या होत्या. कळपाला पाणी मिळायचं ते एकदाच, दिवस मावळताना, पवनचक्कीच्या डोणीत. म्हणून अर्लिंडाही तेव्हाच प्यायची. दुपारी जीभ टाळूला चिकटायची. ती तोंडात एक गुळगुळीत खडा ठेवून चघळायची. छागळ तिच्या कुशीला गार लागत राहायची, आणि ती तिचं बूच उघडायची नाही.

तिच्या मनात आणखी एक हिशेब होता, तो तिनं कुणाला सांगितला नव्हता. आत पाणी गेलंच नाही, तर बाहेर येईल कुठून?

उन्हात पुढचा डोंगर हलायला लागायचा. त्याच्या पायथ्याशी तळं दिसायचं, तळ्यात डोंगर उलटा. मेंढरं मात्र तिकडे बघायची नाहीत. त्यांना खरं पाणी कळतं. अर्लिंडाला ते खोटं तळं आवडायचं. ती त्याच्या काठाकाठानं चालते आहे असं मनात धरायची, आणि मग पाय हलके व्हायचे.

संध्याकाळी चेई पवनचक्कीपाशी वाट बघत असायचे. मेंढरं डोणीवर तुटून पडायची. शेवटची मेंढी मागे सरली की अर्लिंडा नळाखाली ओंजळ धरायची आणि पीत सुटायची, पोट टच्च होईपर्यंत. चेई छागळ उचलून बघायचे, भरलेली असायची. त्यांचे डोळे आनंदानं बारीक व्हायचे.

"अस्सल मेंढपाळ," ते म्हणायचे. "माझा बाप असा होता."

घरी आल्यावर मटणाचा रस्सा, तव्यावरची भाकर, आणि सगळ्यांबरोबर तिलाही साखर घातलेली कॉफी, एक मग, मग अजून अर्धा. दिवसभर राबलेल्या माणसाला कॉफी द्यायची नाही, तर कुणाला? ती कातड्यावर टेकायची ती दगडासारखी. आणि पवनचक्की फिरू लागायची.

*

आठवड्याच्या बाजारावरून येताना आल्फ्रेडा घरात डोकावली. आल्फ्रेडा पलीकडच्या उतारावरची शेजारीण, बर्निसच्या कुळातली, म्हणून नात्यानं बहीणच. खरबूज घेऊन आली, मांडवाखाली बसली, आणि लाकडांच्या ढिगावर वाळत घातलेलं कातडं तिनं लगेच पाहिलं.

"अजून?" तिनं ओठ पुढे काढून कातड्याकडे दाखवलं.

अर्लिंडा मागापलीकडे लोकर विंचरत होती. तिचे हात चालत राहिले, कान गरम झाले.

"अजून," बर्निस म्हणाली.

"आमच्या धाकट्याचं असंच होतं. दिवस कलला की थेंब द्यायचा नाही. थेंब म्हणजे थेंब. महिन्यात मोकळा झाला."

"इतकं सोपं?"

"सोपं कुठलं. रडतात. रडू द्यायचं." आल्फ्रेडानं खरबुजाची फोड कापून अर्लिंडाकडे सरकवली. "घे गं. आत्ता खा, दिवस आहे."

त्या संध्याकाळपासून अर्लिंडाला कॉफी बंद झाली, आणि पाणीही. पवनचक्कीपाशी चेई नळाला हात लावू द्यायचे नाहीत. "तुझ्या आईनं सांगितलंय," ते म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे. घरी रश्शातली भाकरही आई पिळून द्यायची. बर्निसला वाटत होतं, पोर दिवसभर पितेच आहे, छागळ आहे बरोबर. चेईंना काय वाटत होतं कोण जाणे. भरलेली छागळ त्यांच्या डोळ्यांना इतकी सवयीची झाली होती, की त्यांना ती दिसेनाशी झाली होती.

पहिल्या सकाळी कातडं कोरडं निघालं. बर्निसनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. अर्लिंडा उगवतीकडे पळाली ती उड्या मारत. निळा डोंगर आज ढगासारखा दिसत नव्हता, दगडासारखा दिसत होता, चढता येईल असा. दुसऱ्या सकाळीही कोरडं. तिसऱ्या सकाळी थोडंसं ओलं, पिवळंजर्द, आणि वास असा की कुत्र्यानंही तोंड फिरवलं. पोट साफ होईना. ओठ फुटले. ती कुणाला काही बोलली नाही. बोललं असतं तर आईनं मेंढरांमागे पाठवलं नसतं, आणि जो इथं मेंढरांमागे जाऊ शकत नाही त्याला डोंगरावर कोण नेतं?

*

मग तो दिवस आला. वारा पडलेला. मेंढरं ज्युनिपरच्या सावलीत डोकी खुपसून उभी होती. अर्लिंडाच्या डोक्यात माशी अडकल्यासारखा आवाज येत होता. तिनं छागळ फांदीला अडकवली आणि बुंध्याला टेकून बसली. नुसती बसणार होती. समोरचं खोटं तळं जवळ आलं होतं, अगदी पायाच्या बोटांपर्यंत. तळ्यात एक पवनचक्की होती. पाती पाण्याच्या आत फिरत होती, आवाज न करता. म्हातारी शेळी तळ्यावरून चालत पलीकडे गेली, मागोमाग एकेक मेंढी. त्यांचे खूर ओले होत नव्हते. अर्लिंडाला डबा खुळखुळवायचा होता. हात मांडीवरून उचलेना.

मेंढरं मालकाविना घराच्या वाटेला लागलेली चेईंनी लांबून पाहिली. ते घोड्यावर बसून तिच्या मागावर आले. कुत्रा तिच्याजवळ बसून होता, त्यामुळे सापडायला वेळ लागला नाही.

मानेवर गार पाणी पडलं तेव्हा तिनं डोळे उघडले. चेई गुडघ्यावर बसले होते. त्यांच्या हातात छागळ होती.

"ही भरलेली का आहे?" त्यांनी विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही. रोज तर भरलेली असते.

"अर्लिंडा. सकाळपासून किती प्यायलीस?"

"मेंढरं प्यायली नाहीत अजून," ती म्हणाली. जीभ जाड झाली होती.

चेईंनी छागळ हातात तोलली, एकदा, दोनदा. आपल्याच बापाची गोष्ट दुसऱ्या कुणाकडून ऐकावी तसे ते त्या छागळीकडे बघत होते. मग त्यांनी बूच काढलं. त्यांच्यामागे परत आलेली मेंढरं गोळा झाली होती, माना वर करून, आणि म्हातारी शेळी पिवळ्या डोळ्यांनी बघत होती. जन्मात मेंढरांच्या आधी न प्यायलेल्या त्या माणसानं कळपाच्या डोळ्यांदेखत एक घोट घेतला. आवाज करून गिळला. शेळीकडे बघितलं.

"बघ. काही बोलली नाही ती," ते म्हणाले. "आता तू."

ती घोटघोट प्यायली. ते तिला घाई करू देत नव्हते.

"आणि आता रात्री?" तिनं विचारलं. डोळ्यांतून पाणी आलं, तेवढं तिच्यात शिल्लक होतं. "आता डोंगर गेला ना?"

"डोंगर कुठं जातोय," चेई म्हणाले. "मी रोज बघतो त्याच्याकडे. हललेला नाही."

*

त्या संध्याकाळी मांडवाखाली बर्निस बसून होती. मागाचा एक दोरा बोटाला गुंडाळत आणि सोडत.

"म्हणजे दिवसाही नाही आणि रात्रीही नाही," ती म्हणाली. "मी माझ्या पोरीला वाळवलं."

"वाळवायला मी सुरुवात केली," चेई म्हणाले. "दिवसभर तहानलेली मेंढी संध्याकाळी ढोल होईपर्यंत पिते आणि रात्रभर वाडा ओला करते. हे मला लहानपणापासून माहीत आहे. नातीचं तेवढं कळलं नाही. वर तिला शाबासकी देत होतो."

दुसऱ्या दिवशी पाणी भरायला जाताना बर्निस दवाखान्यात उतरली, अर्लिंडाला घेऊन. परत आल्यावर पिंपं उतरवता उतरवता तिनं सांगितलं, "डॉक्टरबाईंनी तपासलं. आजार काही नाही म्हणाल्या. झोप फार खोल आहे, आतून हाक आलेली तिला ऐकू येत नाही. शरीर शिकेल हळूहळू, रागवू नका म्हणाल्या. आणि दिवसभर पाणी पाजा."

"ते काल शेळीनंही सांगितलं," चेई म्हणाले.

मग त्यांनी अर्लिंडाला समोर बसवून नवा नियम सांगितला. नियम सांगताना ते नेहमी काडीनं मातीत काहीतरी काढायचे. म्हातारी शेळी चरताना पहिल्यांदा थांबली की पाणी प्यायचं. ती सावलीला बसली की प्यायचं, पोटभर. ती पुन्हा उठली की प्यायचं. छागळ रिकामी घरी आली पाहिजे. भरलेली आली तर मेंढपाळ कच्चा.

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी जेवणापुरतं. तहान अशी उरणारच नाही. सकाळी भिजवलेले वाळके पीच खायचे, पोटासाठी. आणि तुझी कॉफी आजपासून मी पितो. हे सगळ्यांत अवघड काम मी घेतलंय."

"चेई, एक विचारू?" अर्लिंडानं आई माग आवरायला वळेपर्यंत वाट पाहिली. "मी बाहेर जाते. खरंच जाते. झुडपामागे बसते. आणि मग कळतं की गेलेच नव्हते."

चेईंची काडी थांबली.

"मी वसतिगृहाच्या शाळेत होतो," ते म्हणाले. "आम्हाला लहानपणीच सरकारी माणसं घेऊन गेली होती. तिथं लोखंडी खाटा होत्या, एकीला लागून एक. ज्या पोराची चादर ओली निघायची, त्यानं ती खांद्यावर घेऊन नाश्त्याच्या खोलीत उभं राहायचं. सगळे खाईपर्यंत."

"रोज?"

"रोज. त्यानं कोरडं कुणी झालं नाही. पोरं गप्प मात्र झाली." त्यांनी काडी मोडली. "त्यात एक पोरगा होता. तोही तुझ्यासारखा स्वप्नात उठून बाहेर जायचा. मग त्याच्या एक लक्षात आलं. स्वप्नातल्या जमिनीला थंडी नसते. खडे टोचत नाहीत. स्वप्नात आपल्याला झाड दिसतं, आभाळ दिसतं, पण पायाखाली काहीच नसतं. तेव्हापासून तो बसायच्या आधी पाय बघायचा. तळवा गार लागतोय का? टोचतंय का? नसेल टोचत, तर बाबा रे, तू अजून खाटेवर आहेस."

"मग तो कोरडा झाला?"

"एकदम नाही. आधी दिवसा सराव केला. तुलाही करावा लागेल. झोपायच्या आधी अनवाणी बाहेर जायचं, झुडपामागे उभं राहायचं, पाय काय म्हणतात ते ऐकायचं, मग बसायचं. म्हणजे पाय विसरणार नाहीत."

"कोण होता तो पोरगा?"

चेईंनी टोपी नीट केली. "त्याला मेंढरं फार आवडायची," ते म्हणाले, आणि घोड्याला पाणी दाखवायला उठून गेले.

*

मग रोज, जेवणं झाल्यावर, उजेड पुरता विझायच्या आत, अर्लिंडा अनवाणी ज्युनिपरपाशी जाऊन उभी राहायची. वाळू वरून कोमट लागायची आणि बोटं आत खुपसली की गार. कधी काटा बोचायचा, कधी मुंगळा पायावर चढायचा. ती सगळं लक्षात ठेवायची. दिवसभर शेळी थांबली की ती प्यायची. पहिले काही दिवस चोरी केल्यासारखं वाटलं, मग शेळीच तिच्याकडे बघून थांबते आहे असं वाटायला लागलं.

सकाळी कातडं कधी कोरडं असायचं. कधी नसायचं. चंद्र मोठा होत गेला तसं लागोपाठ काही दिवस कोरडं निघालं आणि तिनं सौदा पटल्यासारखं डोंगराकडे पाहिलं. निघायच्या आदल्या सकाळी मात्र ते पुन्हा चिंब होतं.

ती कातडं घेऊन दारातच उभी राहिली. चेई बाहेर घोड्यावर सामान बांधत होते: पिठाचं पोतं, कॉफीचा डबा, तवा, दोर.

"ओलं झालं," ती म्हणाली. कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

चेईंनी आईकडे पाहिलं. आईनं कातड्याकडे पाहिलं, मग पोरीच्या ओठांकडे, जे आता फुटलेले नव्हते. ती आत गेली. आतून एक जाड कातडं घेऊन आली, तिचं स्वतःचं, नव्या लोकरीचं. ते तिनं घोड्यावर अर्लिंडाच्या गुंडाळीवर ठेवलं आणि दोर इतका करकचून आवळला, की घोड्यानं मान वळवून बघितलं.

"एक वाळत असेल तेव्हा दुसरं," ती म्हणाली. "आणि एल्सीआत्याला सांग, तिच्याकडच्या माझ्या घागरी मी परत मागितल्यात म्हणून."

*

डोंगर चढायला सबंध दिवस लागला. लाल माती मागे राहिली, मग करडी आली, मग तपकिरी. झाडं उंच होत गेली. हवेला राळेचा वास यायला लागला. मेंढरांनी गवत पाहिलं आणि ती अशी पांगली, जणू कुणी पिशवीतून मणी सांडले. अर्लिंडा चेईंच्या मागे बसली होती. पाइनच्या झाडांतून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली येत होतं, घोडा त्या पट्ट्यांतून चालत होता, आणि आपण झोपलो आहोत की जागे, असं तिला क्षणभर वाटलं. तिनं पाय हलवला. टाच रिकिबीच्या पट्ट्यावर आपटली. जागी होती.

वस्तीवर एल्सी आजी झऱ्यापाशी भांडी घासत होती. रुंद, ठेंगणी, आवाज घोगरा. तिचा नातू डॅरेल अर्लिंडाहून थोडा लहान. त्याचे पुढचे दात पडले होते आणि बोलणं थांबत नव्हतं. मागे त्याच्या दोन चिमुरड्या बहिणी.

"दोन-दोन कातडी कशाला आणलीस?" डॅरेलनं लगेच विचारलं. "राणी आहेस का?"

"एक माझं, एक माझ्या उरलेल्या अंगाचं," अर्लिंडा म्हणाली. एल्सी आजी हसली.

पहिल्याच सकाळी तंबूत ती जागी झाली ती ओल्यात. बाजूला डॅरेल तोंड उघडं टाकून झोपला होता. घरी असती तर ती लाकडांच्या ढिगामागे गेली असती. इथं लाकडांचा ढीग तंबूच्या दारातच होता. ती कातडं घेऊन बाहेर आली, उभी राहिली, आणि मग तिनं ते सरळ झऱ्याकाठच्या आडव्या वाशावर टाकलं, लोकर उगवतीकडे करून, भर उजेडात.

डॅरेल डोळे चोळत आला. "हे काय? पाऊस पडला?"

"माझ्यापुरता," अर्लिंडा म्हणाली. "झोपेत होतं मला. कमी होतंय."

डॅरेलनं आजीकडे पाहिलं. एल्सी आजी चुलीवर वाकली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "डॅरेल, काल झोपेत मला लाथ कुणी मारली? उजव्या बरगडीत?"

"ते मी झोपेत होतो."

"मग आज तूही वाशावर जाऊन वाळत बस," आजी म्हणाली. "जा, लाकडं आण."

चेई कॉफी पीत होते. दोन मग त्यांच्यापुढे होते, एक त्यांचा आणि एक अर्लिंडाच्या वाटणीचा.

*

डोंगरावरचे दिवस असे, की एकाचा दुसऱ्याला धागा लागत जातो. मेंढरं सावलीतून उन्हात जातात, उन्हातून सावलीत. म्हातारी शेळी थांबते, अर्लिंडा छागळ उघडते. दिवस कलला की ती अनवाणी पाइनच्या झाडामागे उभी राहते. इथली जमीन वेगळी. वर सुयांसारख्या वाळक्या पानांचा थर, खाली ओलसर माती. पायांना ती नव्यानं शिकावी लागली.

आणि मग एकदा पवनचक्की आली. इतक्या दिवसांनी, लाल मातीतून चालत, डोंगर चढून आल्यासारखी ती झाडांच्या मधोमध उभी होती. पाती फिरत होती. डोण भरून वाहत होती. मेंढरं रांगेत पीत होती. अर्लिंडाला लागली होती. ती झुडपामागे गेली. इकडेतिकडे पाहिलं. पाठीवर ऊन होतं, किती छान ऊन. ती वाकणार, एवढ्यात म्हाताऱ्या शेळीनं पाण्यातून तोंड वर काढलं आणि तिच्या पायांकडे पाहिलं.

अर्लिंडानंही पाहिलं. पाय होते. पायाखाली काहीच नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा अंधार होता, आणि अंधाराच्या एका कडेला फिकट निळं. तंबूत डॅरेल घोरत होता. तिनं हात खाली नेऊन लोकर चाचपली. कोरडी. पोट दगडासारखं गच्च झालं होतं. ती उठली, पोरांच्या पायांवरून एकेक पाऊल टाकत, आणि बाहेर आली. झाडांचे शेंडे काळे होते. खाली, फार खाली, त्यांचा लाल मुलूख धुक्यासारखा पडला होता. त्यात कुठंतरी आई चूल पेटवत असेल. मेंढवाड्यात घंटा एकदाच वाजली.

ती पाइनच्या झाडामागे गेली. इकडेतिकडे पाहिलं. आणि थांबली. झाड दिसत होतं, आभाळ दिसत होतं. पण झाड आणि आभाळ तर तिथंही दिसतं.

तिनं डोळे मिटले आणि पायांना विचारलं. डावा तळवा गार होता, हिवाळ्यातल्या लोखंडासारखा. उजव्या अंगठ्याखाली वाळकं पान टोचत होतं. तिनं मुद्दाम जोरानं पाय दाबला. चांगलंच टोचलं. दवानं घोटे ओले झाले होते, आणि थंडीनं दात वाजायला लागले होते. दात वाजता वाजता तिला हसू आलं.

मग अर्लिंडानं झगा वर धरला, आणि खऱ्याखुऱ्या जमिनीवर, निवांत, बसली.